डाव्या हाताची अनामिका

जेवायला सगळे बसले तरी बारक्या डावा हात खिशातून काढेना.

"हात काय गोठलाय का रे?" आईनं विचारलं.

"नाही गं. सवय."

"ही कसली मेली सवय? जेवताना कुणी खिशात हात घालून बसतं का?"

"आई, भाजी वाढ ना," ताई मध्येच म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिला स्वतःचाच राग आला. गुरुवारपासून ती हेच करत होती. विषय निघाला की वाकडी वाट करून तो दुसरीकडे न्यायचा. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हा धंदा करावा लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

बारक्या हे घरातलं नाव. बाहेर त्याला सगळा देश ओळखायचा. सदतीस वर्षांचा, सहा फुटांना इंचभर कमी, पंधरा वर्षं देशाच्या संघाचा कीपर, अठ्ठ्याण्णव कसोट्या खेळलेला. पण ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं त्याचं नाक पुसलं होतं, दप्तर भरलं होतं, आणि घरातल्या लांबलचक बोळात त्याला हजारो चेंडू टाकले होते. तिच्या लेखी तो बारक्याच.

गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तो तिच्या हॉस्पिटलात आला होता. ताई तिथं चोवीस वर्षं एक्स-रे काढत होती. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली, तोंडाला मास्क. इतका चोरासारखा आला की दारावरच्या माणसानं त्याला दोनदा हटकलं.

"नाव लिहू नकोस," तो म्हणाला होता. "फक्त काढ आणि बघ."

चोवीस वर्षांत तिनं नोंदीशिवाय एकही एक्स-रे काढला नव्हता. हा काढला. स्क्रीनवर त्याचा डावा पंजा उमटला. तो तिला तोंडपाठ होता: करंगळी दोनदा मोडलेली, अंगठा एकदा, मधल्या बोटाचं टोक कायमचं चेपलेलं. आणि आता अनामिका. मुळापाशी तिरकी चीर गेली होती. चिरेच्या कडा पुसट होत्या, भोवती धुरकट सावली.

"कधी लागलं?"

"परवा. सरावात."

काहीतरी खटकलं होतं तिला. पण बाहेर तीन पेशंट खोळंबले होते आणि समोर भाऊ हात जोडून, म्हणजे एक हात दुसऱ्यावर अलगद ठेवून, उभा होता. "ताई, कुणाला बोलू नकोस. सोमवारी तंदुरुस्तीची चाचणी आहे. टेप गुंडाळीन. एक ओळखीचा डॉक्टर आहे, सकाळी सकाळी इंजेक्शन देईल, चार तास बोट आहे की नाही तेही कळणार नाही. दोनच सामने, ताई. दोन झाले की मीच सोडतो."

ती हो म्हणाली. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये तिला कळलं की आपण कुठं पाय घातलाय. कारण बारक्या त्या चाचणीत नापास झाला, तर त्याच्या जागी यष्ट्यांमागे उभा राहणार होता तो संघातला राखीव कीपर, आणि तो राखीव कीपर ताईचा मुलगा होता.

आता तिनं करायचं काय? बोलली, तर पोटच्या पोरासाठी भावाला खाली खेचलं. गप्प बसली, तर मोडक्या हाताच्या माणसाला देशाच्या संघात धाडलं. दोन्हीकडून तोंड काळं व्हायचं ते तिचंच.

"शंभराव्या सामन्याला सगळ्यांनी जायचं," ताईचे वडील, नाना, टेबलाच्या डोक्याशी बसून सांगत होते. आजची रविवारची पंगत त्यांनीच आपल्या घरी बोलावली होती. "गुरुवारी नव्व्याण्णवावा सुरू होतो, त्यानंतर आठवड्यानं शंभरावा. मी कोट शिवायला टाकलाय. मास्तर, तुम्ही शाळेतून रजा काढा."

मास्तर म्हणजे ताईचा नवरा. शाळेत भूगोल शिकवायचे, आणि सासऱ्यांसमोर नकाशातल्या निर्जन बेटासारखे असायचे. "काढतो की," ते पानातून मान वर न करता म्हणाले.

"रजेचा अर्ज उद्याच द्या. ऐनवेळी तुमचं काहीतरी निघतं."

ताईनं चमचा जरा जोरात ठेवला. ऐनवेळी! तिच्या लग्नाची तारीख बदलली होती ती बारक्याच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी. पत्रिका छापून आल्या होत्या. नानांनी त्या सगळ्यांवर हातानं तारीख खोडून नवी घातली, आणि मास्तरांच्या घरच्यांना सांगितलं की छापखान्याची चूक. तिच्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ती बोळात दीडशे चेंडू टाकत होती. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दोन दौऱ्यांच्या मधल्या आठवड्यात बसवलं होतं. या घरात कुणी आजारी पडायचं तरी आधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचं.

आणि नाना स्वतः? कारखान्याच्या संघाचे अकरा वर्षं कीपर. दोनदा निवडीच्या तोंडाशी गेले, दोनदा परत आले. त्यांची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती, आणि ती ते लोकांना पदकांसारखी दाखवायचे.

दाराची बेल वाजली. ढब्बू आला. पाठीवर किटची भलीमोठी बॅग, केस ओले. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. आता बाविसाव्या वर्षी नुसता वेताच्या काठीसारखा दिसायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"या भाचेबुवा," बारक्या म्हणाला.

ढब्बूनं मामाकडे पाहिलं, मान हलवली, आणि बसायच्या आधी हात धुवायला गेला. एरवी तो मामाच्या शेजारची खुर्ची कुणाला देत नसे. आज तो आजीच्या पलीकडे जाऊन बसला.

"सराव कसा झाला?" नानांनी विचारलं.

"झाला."

"उमेद सोडू नकोस. तुझं वय लहान आहे. दोन सामने पाणी ने, ग्लोव्ह्ज ने, मामाकडे बघ. बघूनच शिकायचं असतं."

"बघतोच आहे," ढब्बू म्हणाला. त्याच्या आवाजात असं काही होतं की ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तो भातात चमचा रोवून बसला होता.

जेवणं आटोपली. ताई भांडी घेऊन स्वयंपाकघरात गेली तर तिची भावजय, बारक्याची बायको, मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. कुणाच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची तिला सवय होती.

"ताई, त्याच्या हाताला काय झालंय?"

"मला काय माहीत?"

"मला म्हणाला गाडीच्या दारात सापडला. कुठल्या गाडीच्या? आमची गाडी पंधरा दिवस दुरुस्तीला आहे."

ताई नळ सोडून भांडं विसळत राहिली. ते भांडं आधीच विसळलेलं होतं.

"मोडलंय ना?" भावजय म्हणाली.

ताईनं नळ बंद केला. "मोडलंय."

तिला वाटलं, आता ही रडेल, किंवा बाहेर जाऊन भांडेल. पण भावजय ओट्याला टेकली आणि तिनं डोळे मिटून एक लांब सुस्कारा सोडला. "तरी तुम्ही बोलू नका ताई. पाया पडते."

"अगं, तू त्याची बायको ना?"

"म्हणूनच! अठ्ठ्याण्णववर थांबला तर तो सगळा जन्म माझ्या घरात बसून ते दोन सामने मोजणार. चहा पिताना, गाडी चालवताना, झोपेत. तुम्ही रविवारी येता आणि जाता. मला राहायचंय त्याच्याबरोबर. शंभर होऊ देत, एकदाची सुटते मी."

"आणि बोट कायमचं वाकडं झालं तर?"

"दहापैकी सहा वाकडीच आहेत. सातवं होईल."

ताईनं हात पुसले आणि ती गॅलरीत गेली. तिथं नाना झाडांना पाणी घालत होते. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं ठरवून तिनं एका दमात सांगून टाकलं. बोट मोडलंय. मी स्वतः बघितलंय. उद्या त्याला पाठवू नका.

नानांनी झारी खाली ठेवली नाही. "मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"इंजेक्शनवाला डॉक्टर कुणी शोधून दिला? मी. कारखान्यात असताना आमच्या संघाला तोच बघायचा."

"नाना! अहो, हाड आहे ते. नीट जुळलं नाही तर उद्या त्याला सदऱ्याचं बटण लावता येणार नाही."

"मी लावतो की नाही? हे बघ." त्यांनी झारी या हातातून त्या हातात घेतली आणि तो आल्याचा गड्डा तिच्यासमोर नाचवला. "कीपरचा हात आहे तो, पेटीवाल्याचा नाही. टेप लावायची आणि उभं राहायचं."

"आणि त्याला जमलं नाही तर? ऐन सामन्यात?"

"जमेल." मग ते तिच्याकडे वळले, आणि आवाज उतरवून, जवळजवळ मायेनं म्हणाले, "तू या फंदात पडू नकोस पोरी. तू तोंड उघडलंस की लोक एकच म्हणतील. मुलाला आत घुसवायला बहिणीनं भावाचा काटा काढला. मलासुद्धा तसंच वाटेल."

ताईची कानशिलं तापली. चाळीस वर्षं या माणसाच्या तालावर नाचून शेवटी पदरात हे पडलं. ती तशीच आत आली. हॉलमध्ये आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

"सांगितलंस वाटतं त्यांना," आई म्हणाली.

"काय सांगितलं?"

"बोटाचं. मला काय डोळे नाहीत? शुक्रवारी आला तेव्हा बुटाची नाडी बांधता येईना त्याला. मीच बांधून दिली. म्हणाला, नानांना सांगू नकोस."

ताई खुर्चीत बसली. म्हणजे नानांना ठाऊक, आईला ठाऊक, बायकोला ठाऊक. प्रत्येकानं दुसऱ्यापासून लपवायची शपथ घेतलेली, आणि आज सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत भाजी वाढ, भात वाढ करत होते.

"मास्तर, तुम्हालाही माहीत होतं का हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मास्तरांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. "ढब्बू म्हणाला होता काहीतरी."

"ढब्बूला माहीत आहे?"

तेवढ्यात ढब्बूच बोळातून आला. बारक्या त्याच्या मागे होता. दोघांचे चेहरे लाल. आत काहीतरी बाचाबाची झालेली दिसत होती.

"आई," ढब्बू म्हणाला, "तू काही बोलू नकोस."

बस्स. एवढंच बाकी होतं. ताई उठून उभी राहिली.

"का बोलू नको? जो येतो तो मला हेच सांगतो! भाऊ म्हणतो बोलू नको, भावजय म्हणते बोलू नको, बाप म्हणतो बोललीस तर तू स्वार्थी. आता तूही? अरे, मी नोकरी पणाला लावून तो एक्स-रे काढलाय. उद्या सकाळी मी तुमच्या संघाच्या डॉक्टरांना फोन करणार. मग मला काय म्हणायचं ते म्हणा. घुसवलं म्हणा, काटा काढला म्हणा. मला वीट आलाय या सगळ्याचा!"

गॅलरीच्या दारात नाना उभे होते, हातात रिकामी झारी.

"फोन कशाला?" ते म्हणाले. "आत्ताच बघू. बारक्या, ग्लोव्ह्ज घाल."

"अहो, काहीतरीच काय!" आई म्हणाली.

"बारा चेंडू. बारा घेतले तर कुणी चकार शब्द काढायचा नाही. ढब्बू, चेंडू दे तुझ्या बॅगेतला."

ढब्बूनं बॅगेला हात लावला नाही. मग बारक्या स्वतःच गेला, भाच्याची बॅग उघडली, त्यातले ग्लोव्ह्ज काढले. उजवा झटकन चढवला. डावा चढवायला त्याला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बोळ तोच होता. नाना एका टोकाला, बारक्या दुसऱ्या टोकाला चपलांच्या कपाटापाशी वाकून बसला. चौऱ्याहत्तर वर्षांचे नाना, पण मनगटात अजून जोर होता. पहिला चेंडू सरळ. घेतला. दुसरा उजवीकडे. घेतला. तिसरा, चौथा. बारक्या प्रत्येक चेंडूला अंग असं फिरवायचा की भार उजव्या पंजावर पडावा. बघणाऱ्याला वाटावं, किती सहज. ताईला मात्र त्याची मान दिसत होती. मानेवरची शीर ताठ झाली होती.

पाच. सहा. सात.

आठवा नानांनी डावीकडे टाकला. मुद्दाम की चुकून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चेंडू ग्लोव्हवर लागला तो धप्प असा ओला, बसका आवाज करून. खाली पडला आणि कपाटाखाली गेला. बारक्या गुडघ्यावर आला आणि त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं.

"टाका," तो तिथूनच म्हणाला. "चार राहिलेत."

नानांनी दुसरा चेंडू मागायला हात पुढं केला. ढब्बूनं तो दिला नाही. तो बोळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो," नाना म्हणाले.

"नाही होणार. मामा, त्या फिरकीवाल्याचं सांगा ह्यांना."

"ढब्बू."

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. सरावाच्या होस्टेलात तो माझ्याच खोलीत राहतो. तीन आठवडे मी त्याचं तोंड बघतोय."

फिरकीवाला कोण, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. संघात नव्यानं आलेला मुलगा. मागच्या कसोटीत त्याच्या चेंडूवर समोरच्या संघाच्या कप्तानाचा झेल उडाला होता, बारा धावांवर. सोपा झेल. बारक्याच्या हातून सुटला. कप्तानानं पुढं दीडशेच्या वर धावा कुटल्या, त्या मुलाला एकही बळी मिळाला नाही, आणि या मालिकेत त्याचं नाव आलं नाही.

"तो झेल सुटायच्या आधीच बोट गेलं होतं," बारक्या म्हणाला. तो अजून भिंतीकडेच बघत होता. "सकाळी सरावात. मी कुणाला बोललो नाही. वाटलं, निभेल. संध्याकाळी पत्रकारांनी विचारलं तर मी म्हणालो, चेंडू भलताच उसळला, पोराला अजून टप्पा सापडत नाहीये."

ताईच्या डोळ्यांसमोर तो स्क्रीन आला. पुसट झालेल्या कडा, धुरकट सावली. परवाचं हाड असं दिसत नाही. भरून यायला लागलेलं हाड असं दिसतं. चोवीस वर्षं हेच बघण्यात गेली, आणि भावाचं आहे म्हणून तिनं नजर तिथून उचलली होती.

"मला परवा म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याशीसुद्धा खोटं?"

"ताई, खरं सांगितलं असतं तर तू काढला असतास का एक्स-रे?"

"काढला असता आणि कान पिळला असता!"

कुणीतरी हसलं असतं एरवी. भावजय बोळाच्या तोंडाशी आली. मघाशी पाया पडणारी हीच बाई. "पोराला टप्पा सापडत नाहीये," ती हळूच म्हणाली. "हे तू बोललास? मी तुझ्यासाठी सगळ्यांना गप्प बसवत फिरतेय, आणि तू हे बोललास?"

बारक्यानं दातांनी डाव्या ग्लोव्हची पट्टी ओढायला सुरुवात केली. निघेना. ढब्बू पुढं झाला आणि एकेक बोट सैल करत त्यानं तो ग्लोव्ह उतरवला. आतलं बोट जांभळं, सुजून दीडपट झालेलं.

"लहान पोरं असली म्हणजे असं होतंच," नाना म्हणाले. "आज वगळला, उद्या घेतील. मलाही वगळलं होतं..."

"नाना, पुरे," बारक्या म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं. पण त्या घरात हे दोन शब्द कुणी या क्रमानं बोललं नव्हतं. नाना वळून आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

बारक्यानं तिथंच जमिनीवर बसून फोन लावला. आधी संघाच्या डॉक्टरांना. सगळं सांगितलं, तारखेसकट. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता आणि बारक्या "हो", "हो", "माझीच चूक" एवढंच म्हणत होता. मग त्यानं दुसरा नंबर लावला.

"कुणाला?" आईनं विचारलं.

"त्या मुलाला."

तो उठून उभा राहिला, घसा साफ केला. "अरे, मी बोलतोय. हां. तो झेल... ऐक ना, तो झेल तुझ्या चेंडूमुळं नाही सुटला..." मग तो थांबला. फोन कानापासून काढून त्यानं त्याकडे पाहिलं.

"काय म्हणाला?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"म्हणाला, सर, बसमध्ये आहे, काही ऐकू येत नाहीये, नंतर करतो."

"मग पुन्हा लाव!" ताई म्हणाली. "बसमधून उतरेपर्यंत लाव!"

त्यानं लावला. चौथ्या वेळी तो मुलगा उतरला होता. बारक्या गॅलरीत जाऊन बोलला, दार ओढून घेऊन.

सोमवारी ताईनं हॉस्पिटलात जाऊन स्वतःच सांगितलं की गुरुवारी एक एक्स-रे नोंदीशिवाय काढला. तिला लेखी ताकीद मिळाली. सोमवारीच संघाची यादी आली. बारक्याचं नाव नव्हतं, ढब्बूचं होतं. बातमीत बारक्यानं झेलाचं आणि त्या मुलाचंही स्वतःच्या तोंडून सांगितलं होतं. दोन दिवस लोकांनी त्याला मनसोक्त झोडपलं. शेजारची बाई जिन्यात ताईला म्हणाली, "चला, घरातलंच घरात राहिलं." ताईनं तिला काय उत्तर दिलं ते मास्तरांनी नंतर कुणाला सांगू दिलं नाही.

गुरुवारी सामना होता. नाना आले नाहीत. "टीव्ही लावलाय," आईनं फोनवर सांगितलं, "आवाज बंद करून. मला म्हणतात समोरून हल." नव्या कोटाचं कुणी नाव काढलं नाही.

मैदानात ताई, मास्तर, भावजय आणि बारक्या असे ओळीनं बसले. डाव्या हाताला प्लास्टर. पंधरा वर्षांत बारक्या प्रेक्षकांत पहिल्यांदाच बसला होता, आणि त्याला बसता येत नव्हतं. गोलंदाज पळायला लागला की हा खुर्चीच्या कडेवर येऊन गुडघे वाकवायचा, चेंडू पडला की अर्धा उठायचा.

"ओ साहेब, खाली बसा ना!" मागून कुणीतरी खेकसलं. मग ओळख पटली तसा तो माणूस चपापला, पण बारक्या "माफ करा" म्हणून खाली बसला, आणि पुढच्या चेंडूला पुन्हा उठला.

"अरे, जीव खाल्लास तू माझा," ताई म्हणाली. तिला स्वतःला काहीच धड दिसत नव्हतं. पोरगा तिकडे पांढऱ्या कपड्यांत वाकून बसला होता, एवढासा दिसत होता, आणि पहिल्याच षटकात त्याच्या पायांमधून चेंडू सीमेपार गेला होता. सगळं मैदान कण्हलं. तिला वाटलं, उठून घरी जावं. हे का मागून घेतलं आपण? आणि आपण कुठं मागितलं होतं?

"वाकायला उशीर झाला का रे त्याला?" तिनं विचारलं.

"नाही. चेंडू खालीच राहिला. तू बघ, घाबरू नकोस."

जेवणाच्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं असतील. मास्तर पाण्याची बाटली शोधत होते, ती त्यांना चिडून सांगत होती की तुमच्याच पायाशी आहे, आणि तेवढ्यात सगळं मैदान ओरडून उभं राहिलं. समोरच्या सगळ्या पाठी एकदम वर आल्या. ताई टाचा उंचावून उभी राहिली, डावीकडून डोकावली, उजवीकडून डोकावली. काही दिसेना. टोप्या, हात, झेंडे.

"काय झालं? अहो, काय झालं? घेतला का त्यानं?"

बाविसाव्या वर्षी तिच्या मुलाचा पहिला झेल, आणि ती एका जाड्या माणसाच्या शर्टाकडे बघत होती. तिला रडू आलं ते रागानंच.

एकटा बारक्या बसून होता. सगळे उभे राहिले तेव्हा तो तेवढा खाली बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून.

"बारक्या, सांग ना रे, घेतला का?"

"घेतला."

"नीट घेतला?"

त्यानं मान हलवली. माणसं अजून ओरडत होती, म्हणून तिला त्याच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला.

"बॅटची कड लागून डावीकडे गेला, खूप लांब," तो म्हणाला. "त्यानं आधी पाय टाकला, मग झेप. चेंडू जमिनीपासून चार बोटं होता. ताई, मी नसता घेतला. हात चांगला असता ना, तरीही नसता घेतला."

ताई त्याच्या शेजारी बसली. पुढची माणसं अजून खाली बसली नव्हती आणि बसायचं लक्षणही दिसत नव्हतं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. पाय कुठला टाकला?"